टोमॅटोनं बोटं काळी होतात ती कशामुळे? पानांवरच्या स्रावी लवेबद्दल

प्रश्न ठाण्याहून, घोडबंदर रोडवरच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या बाल्कनीत टोमॅटो, पिटुनिया, तुळस आणि पुदिन्याच्या कुंड्या आहेत. टोमॅटोची बगलफूट खुडली की बोटं आधी पिवळट हिरवी आणि मग काळी पडतात, उग्र वास बराच वेळ जात नाही. पिटुनियाच्या देठांवर चिलटं चिकटून मेलेली दिसतात. हा रोग आहे का? ही चिकट लव साबणाच्या पाण्यानं पुसून काढावी का? आणि तुळशीचा वास पानातून येतो की पानावरच्या लवेतून?

आधी थेट सांगतो. हा रोग नाही. लव पुसू नका. तुळशीचा वास बहुतांशी लवेतूनच येतो.

एक खात्री मात्र करून घ्या, कारण चिकटपणा दोन प्रकारचा असतो. पानाचा वरचा भाग वार्निश लावल्यासारखा चकचकीत दिसतोय, त्यावर काजळीसारखी बुरशी धरलीय आणि मुंग्यांची ये-जा चालू आहे, तर तो झाडाचा स्राव नव्हे. मावा, पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण रस शोषतात आणि त्यांच्या अंगातून गोड पाणी पानावर पडतं, ते हे. अशा वेळी पान उलटून खालच्या बाजूला किडे शोधायचे. झाडाचा स्वतःचा चिकटपणा देठ, पान, कळीचा हिरवा भाग अशा सगळीकडे सारखा असतो, त्याच्याबरोबर काळी बुरशी येत नाही आणि त्याला झाडाचा स्वतःचा वास असतो. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे हा दुसरा प्रकार दिसतोय.

आता ही लव म्हणजे काय ते पाहू. पानाच्या सर्वांत बाहेरच्या थरातली, म्हणजे बाह्यत्वचेतली, एखादी पेशी पान अगदी कोवळं असतानाच बाहेरच्या बाजूला फुगते आणि विभागत जाते. पुढे दोन वाटा फुटतात. काही रोम, म्हणजे लवेतले एकेक केस, नुसतेच लांब, टोकदार आणि कोरडे राहतात. भोपळ्याच्या पानाचा खरखरीतपणा यांचाच. दुसऱ्या वाटेनं गेलेले रोम स्रावी होतात. त्यांच्यात सहसा तीन भाग सापडतात. पानात रुतलेली तळाची पेशी, मग एक किंवा अनेक पेशींचा देठ, आणि वर स्राव तयार करणाऱ्या पेशींचं डोकं. डोक्यावरून उपत्वचेचं मेणचट पांघरूण असतं.

तुळशीच्या पानावर हे रोम दोन तऱ्हांचे दिसतात. एक तऱ्हा टाचणीसारखी, डोकं लहान आणि देठ त्यामानानं उंच. दुसऱ्या तऱ्हेत देठ इतका आखूड की डोकं पानावर बसकण मारून बसल्यासारखं. हे बसके रोम म्हणजे तेलाचे खरे धनी. वरून पाहिलं की तुळशीत त्यांच्या डोक्यात चार पेशी दिसतात, पुदिन्यात आठ. रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आतबाहेर. डोक्यातल्या पेशी तेल तयार करतात, पण स्वतःकडे ठेवत नाहीत. ते वरच्या बाजूनं बाहेर सोडलं जातं आणि पेशीभित्ती व उपत्वचा यांच्यामध्ये साठतं. तेल भरत जातं तशी उपत्वचा फुगते आणि रोमाच्या डोक्यावर एक पारदर्शक फोड तयार होतो. तुळशीवरून नुसता हात फिरवला तरी हे फोड फुटतात, म्हणून पान न तोडताही घमघमाट सुटतो.

या पेशींची घडण पाहिली की त्यांचं काम लगेच कळतं. त्यांच्यात तंतुकणिका खच्चून भरलेल्या असतात, कारण कामाला ऊर्जा लागते. लवकं (पानाच्या इतर पेशींत हिरवी असून अन्न तयार करणारी) मात्र इथे हिरवी नसतात. पुदिन्याच्या बसक्या रोमांत ती रंगहीन असतात आणि मेंथॉलच्या साखळीतले सुरुवातीचे टप्पे त्यांच्यातच पार पडतात. म्हणजे डोक्यातल्या पेशी स्वतःचं अन्न तयार करत नाहीत. पानानं बनवलेली साखर खालून येते, तिच्यावर त्या जगतात आणि तिचंच तेल करतात.

विद्यार्थ्यांना स्रावी रोम दाखवताना सगळ्यांचं लक्ष वरच्या चमकत्या डोक्याकडे जातं, आणि मी त्यांना खालची मान बघायला लावतो. डोक्याच्या लगेच खाली एक पेशी असते. तिच्या बाजूच्या भिंती क्युटिन या मेणचट द्रव्यानं पूर्ण भरलेल्या असतात. भिंतीभिंतीतून झिरपत येणारं काहीही तिथे अडतं. पुढे जायचं तर पेशीच्या आतूनच, तिच्या परवानगीनं जावं लागतं. पाण्याच्या पंपाला फूट व्हॉल्व असतो ना, पाणी वर जाऊ देतो पण परत टाकीत उतरू देत नाही, तसं या मानेचं काम. साखर वर जाते, तेल खाली येत नाही.

ही तजवीज कशासाठी, हे समजलं तर स्रावी रोमांचं निम्मं शास्त्र समजलं. तुळशीतलं युजेनॉल, पुदिन्यातलं मेंथॉल, ओव्याच्या पानातलं कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल ही तेलकट द्रव्यं पेशींच्या पातळ पडद्यांना घातक असतात. किड्याला आणि बुरशीला जे मारतं ते झाडाच्या स्वतःच्या पेशींनाही सोडत नाही. म्हणून झाड हा माल अंगाबाहेर ठेवतं आणि परतीची वाट बंद करतं. पुढची सगळी उदाहरणं वास, चिकटपणा, आंबटपणा, मीठ अशी निरनिराळी वाटतील, पण पानाला नको असलेला माल पानाबाहेर ठेवण्याची गरज बहुतेकांत हीच आहे.

सगळा सुवास लवेतूनच येतो असं मात्र समजू नका. कढीपत्ता नुसता चोळून बघा, मग फाडून बघा. फाडल्यावरच वास खुलतो, कारण त्याचं तेल पानाच्या आतल्या पोकळ्यांत असतं. लिंबाचं पान आणि निलगिरीही तशीच. गवती चहाचं तेलही पानाच्या आतल्या पेशींतच. हलक्या हातानं वास आला तर लव, फाडावं लागलं तर आतला साठा, हा ढोबळ नियम बाल्कनीतल्या बहुतेक झाडांना लागू पडतो. अळूच्या पानाच्या टोकाला सकाळी दिसणारे थेंबही लवेचे नव्हेत. ते जलरंध्रांतून बाहेर पडलेलं जादा पाणी.

आता टोमॅटो. टोमॅटोच्या वंशातल्या रोमांचे 1943 साली लकविल या संशोधकांनी सात प्रकार केले, ते अजूनही वापरात आहेत. सातापैकी चार प्रकार स्रावी. तुमच्या बोटांना लागतो तो मुख्यतः सहावा, आखूड देठाचा आणि चार पेशींच्या डोक्याचा. ही डोकी जरा धक्का लागला की फुटतात. आत टर्पीन जातीची वासाची द्रव्यं असतात, रुटिनसारखी फ्लॅव्होनॉइडं असतात, इतर फिनॉलं असतात आणि त्यांचं ऑक्सिडीकरण करणारी विकरंही असतात. डोकं शाबूत असेपर्यंत हे सगळं वेगवेगळं असतं. फुटलं की एकत्र येतं, हवा लागते आणि कापलेल्या वांग्यासारखा रंग बदलत काळा होतो. बोटांवर तुम्हाला डाग दिसतो. मावा त्या पानावरून चालला तर हेच त्याच्या पायांवर घट्ट होतं. बटाट्याच्या सोलॅनम बर्थॉल्टी या रानटी जातीत तर हा प्रकार इतका जोरात चालतो की मावा जागच्या जागी अडकून मरतो. शिवाय या जातीचे रोम, संकटात सापडलेला मावा सोडतो तोच इशाऱ्याचा वास हवेत सोडतात आणि बाकीचे मावे लांब राहतात. रानटी टोमॅटोंतही अशी हत्यारं आहेत. सोलॅनम पेनेलाय या जातीची पानं साखरेच्या चिकट एस्टरांनी माखलेली असतात, तर सोलॅनम हॅब्रोकायटिसमध्ये 2-ट्रायडेकॅनोन हे कीटकांना विषारी द्रव्य असतं. आपल्या लागवडीच्या टोमॅटोत यातलं फार थोडं उरलं. फळ मोठं आणि गोड करण्याच्या निवडीत पानांच्या लवेकडे कोण बघणार? आता पैदासकार रानटी जातींशी संकर करून ते परत आणायच्या मागे आहेत.

टोमॅटोच्या लवेचं आणखी एक काम आहे. अळी किंवा पतंग नुसता पानावरून चालला आणि रोम फुटले, तरी पानाच्या आत बचावाची जुळवाजुळव सुरू होते, कीटकांचं पचन बिघडवणारी प्रथिनं बनवणारी जनुकं जागी होतात. अजून पानाचा एक घासही घेतलेला नसतो.

याबाबत मला सर्वांत आवडणारी हकीकत अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटातल्या रानतंबाखूची आहे. अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली अळी तिथे पहिला घास घेते तो पानाच्या चिकट रोमांचाच. त्यांच्यात साखरेची एस्टरं असतात. अळीला ती पचतात, पण त्यातून सुटणारी मेदाम्लं तिच्या अंगाला आणि विष्ठेला एक खास वास देतात. जमिनीवरच्या मुंग्या त्या वासाच्या मागावर येतात आणि अळ्या उचलून नेतात. 2011 मध्ये हे प्रयोगानं दाखवलं गेलं. विष वाटावं अशी गोष्ट इथे खाऊ म्हणून ठेवलेली आहे.

आपल्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण बहुतेक शहरी लोकांच्या हातात येऊनही लक्षात येत नाही. हिवाळ्यात जांभळी नाक्याच्या बाजारात ओल्या हरभऱ्याच्या जुड्या येतात. घाटे सोलता सोलता बोटं आंबट होतात, नखाजवळ कातडी सोललेली असेल तर चुरचुरतं. हरभऱ्याच्या झाडाची पानं, खोड आणि घाटे सगळ्यांवर स्रावी लव असते आणि तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. गावाकडे हीच हरभऱ्याची आंब. रात्री पिकावर पांढरं धोतर किंवा फडकं अंथरायचं, पहाटे दवानं भिजलेलं ते पिळून बाटलीत भरून ठेवायचं, आणि पोट दुखलं की थेंबभर पाण्यातून द्यायचं, हा आजीच्या काळचा उद्योग. ही आंब घाटे अळीला मानवत नाही, आणि अवकाळी पावसानं ती धुऊन गेली की अळी बोकाळते, असं शेतकरी सांगतात.

पण याच आंबेची दुसरी बाजूही आहे. घाटे अळीची अंडी शोधून त्यात आपली अंडी घालणारी ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशी कित्येक पिकांत मित्रकीटक म्हणून सोडतात. हरभऱ्यावर तिची डाळ शिजत नाही. आम्ल तिलाही भाजतं. टोमॅटोतही तेच. लाल कोळी खाणारे शिकारी कोळी टोमॅटोच्या चिकट देठांवर अडखळतात. लव जितकी दाट तितकं झाड सुरक्षित, हे गणित म्हणूनच सरळ नाही, आणि ‘नैसर्गिक संरक्षण’ म्हणून टाळ्या वाजवण्याआधी त्याची किंमत कोण मोजतं ते बघायला हवं.

आता ऐरोलीच्या पुलाकडे येऊ, कारण ठाण्या-नवी मुंबईकरांच्या नशिबात एक असा नमुना आहे जो बऱ्याच शहरांना नाही. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोंसाठीचा भाग 2015 साली अभयारण्य झाला आणि 2022 साली रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. त्याच्या काठानं जी खारफुटी दिसते तिच्यात तिवरांची संख्या मोठी. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत तिवराचं पान भिंगातून बघा, वरच्या बाजूला मिठाचे स्फटिक चमकतात. बरंचसं मीठ तिवराची मुळंच अडवतात, पण काही पाण्याबरोबर वर चढतंच. ते पानांवरच्या क्षारग्रंथी बाहेर टाकतात. ही ग्रंथीही बाह्यत्वचेच्या पेशीपासूनच तयार होते. तळाशी मीठ गोळा करणाऱ्या दोन ते चार पेशी, वर एकच देठपेशी आणि तिच्यावर आठ ते बारा स्रावपेशी. देठपेशीच्या भिंतींत पुन्हा तेच क्युटिन. वर फेकलेलं मीठ भिंतींच्या वाटेनं पानात परतू शकत नाही. तुळशीत तेल, इथे मीठ, पण मान तीच. पानाच्या वरच्या बाजूच्या ग्रंथी छोट्या खळग्यांत बसलेल्या असतात, खालच्या बाजूच्या पांढुरक्या कोरड्या लवेखाली झाकलेल्या. म्हणून खालून पाहिलं तर काहीच दिसत नाही. जिभेवर ठेवून बघायचा मोह आवरा, खाडीच्या पाण्याची अवस्था तुम्हाला ठाऊकच आहे.

सगळी खारफुटी असं करत नाही. मारांडी आणि काजळा यांना क्षारग्रंथी आहेत. 2020 मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झालेल्या पांढऱ्या चिपीला मात्र नाहीत, ती मिठाचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेलात तर तिवराची पानं जवळून बघता येतील, भिंग बरोबर न्या.

पिटुनियाकडे वळू. तिच्या पानादेठांवरचे रोम चिकट द्रव सोडतात, आणि चिलटं अडकतात. झाड त्यांना खात नाही. तसं खाणारी झाडं आहेत. कासच्या पठारावर आणि कोकणातल्या कातळसड्यांवर पावसाळ्यात दिसणारं दवबिंदू याचं प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या पानावरच्या प्रत्येक ताठ तंतूच्या टोकाला चिकट थेंब असतो. कीटक अडकला की शेजारचे तंतू वाकतात, त्यांच्यातून विकरं झिरपतात आणि पचलेल्या कीटकातला नायट्रोजन झाड शोषतं. डार्विननं 1875 साली कीटकभक्षी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, त्याचा मोठा भाग दवबिंदूच्या वंशानंच व्यापला आहे. काटेकोर बोलायचं तर हे तंतू रोम नव्हेत, कारण त्यांच्यात पाणी वाहणाऱ्या नळ्याही जातात, आणि खरे रोम फक्त बाह्यत्वचेचे असतात. पिटुनिया आणि दवबिंदू यांच्या मधलं झाड तुम्हाला कुंपणावर सापडेल, कृष्णकमळाच्या वंशातली वेलघाणी. तिच्या कळीभोवती आणि फळाभोवती जाळीदार हिरवी झालर असते, तिच्या टोकांच्या चिकट थेंबांत बारीक किडे मरतात. पहिला उपयोग फळ वाचवण्याचा. किड्यांतून तिला थोडं पोषणही मिळतं असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. पिटुनियाच्या बाबतीत मी तितकं पुढे जाणार नाही.

सोसायटीच्या बागेतल्या निळ्या चित्रकाच्या फुलाखालचा हिरवा भाग चिकट असतो, मुलं तो कानाला चिकटवून डूल करतात. तिथले रोम फुकट मध पळवायला देठावरून चढणाऱ्या मुंग्यांना अडवतात, आणि पुढे तोच चिकटपणा बी वाहून न्यायलाही कामी येतो. पुनर्नवेचं फळ विजारीला चिकटतं तेही असंच. पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवणारी पिवळी तिळवण, येऊरच्या डोंगरावर आठ वर्षांनी, अलीकडे 2016 आणि 2024 साली, फुललेल्या कारवीचा उग्र वासाचा फुलोरा, सगळे याच गोतावळ्यातले. जास्वंदीत तर मधच रोमांतून येतो. फुलाच्या तळाशी, हिरव्या पेल्याच्या आतल्या बाजूला, मध पाझरणाऱ्या रोमांचा दाट थर असतो.

औषधाच्या दृष्टीनं एक नाव सांगायलाच हवं. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन दवण्याच्या वंशातल्या आर्टेमिसिया अॅन्युआ या झाडाच्या पानांवरच्या दहा पेशींच्या स्रावी रोमांत तयार होतं. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना त्यासाठी 2015 चं नोबेल मिळालं. प्रयोगशाळांची लाडकी अरॅबिडॉप्सिस ही वनस्पती मात्र इथे कामाची नाही. तिच्या अंगावर फक्त कोरडे रोम असतात. स्रावी रोमांचं बरंचसं ज्ञान म्हणून पुदिना, टोमॅटो आणि आर्टेमिसिया यांच्याकडून आलं.

घरी बघायचं असेल तर दहापट भिंग पुरे. पान सपाट ठेवून वरून बघू नका, काही कळणार नाही. बोटावर पान दुमडा आणि दुमडलेली कड उन्हाकडे, मागे काळा कागद धरून बघा. टोमॅटोचे रोम एका रांगेत उभे दिसतील, टोकाला चमकते मणी. पुदिन्याच्या पानाची खालची बाजू बघा, बसके रोम पिवळट ठिपक्यांसारखे दिसतात. मोबाइलवर लावायची मॅक्रो लेन्स किंवा फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तमच. नेलपॉलिश लावून साल काढायची युक्ती पर्णरंध्रांसाठी ठीक, लवेचा मात्र चुराडा होतो. कॉलेजात सूदान थ्री हे रंगद्रव्य मिळालं तर एक थेंब टाका, तेल केशरी लाल होतं. उपत्वचाही रंगते, तेव्हा दोन्ही ओळखायला शिका.

आता कुंड्यांचं. घोडबंदरची धूळ पानांवर बसतेच, चिकट पानांवर जास्त. आठवड्यातून एकदा सकाळी साध्या पाण्याचा हलका फवारा मारा, कपड्यानं पुसू नका. फुटलेल्या रोमाचं डोकं त्या पानावर सहसा परत उगवत नाही. साबणाचं पाणी किंवा निंबोळी तेल कीड दिसली तरच, तेही संध्याकाळी आणि सौम्य. ते फुकट नसतं, साबण उपत्वचेवरचं मेणही सैल करतो. स्वयंपाकाला तुळस आणि पुदिन्याची कोवळी टोकं खुडा. रोमांची बरीचशी संख्या पान लहान असतानाच ठरते, पान पसरत जातं तसे ते विरळ होतात. सुकवायची असतील तर सावलीत आणि न कुस्करता.

बोटांचे डाग काढायला आधी लिंबाची फोड चोळा, मग साबण लावा. साबणाचा फेस पिवळाधमक झाला तर घाबरू नका. साबण अल्कधर्मी असतो आणि टोमॅटोतली फ्लॅव्होनॉइडं अल्कलीत पिवळी होतात, एवढंच.